पाटीवरचे चार शब्द

‘मुक्त जगा, नाहीतर मरा.’ जनरल जॉन स्टार्क यांनी १८०९ साली लिहून पाठवलेलं हे वाक्य अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यानं पुढे ब्रीद म्हणून स्वीकारलं. १९७०च्या दशकात ते खासगी गाड्यांच्या नंबर प्लेटवर आलं आणि ते झाकणं हा गुन्हा ठरला.

क्लेअरमाँटचे जॉर्ज मेनार्ड आणि त्यांची पत्नी ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाचे. सार्वकालिक जीवन देवाचंच राज्य देतं. गुलामीत राहावं लागलं तरी माणसांच्या राज्यासाठी जीव द्यायचा नाही, ही मेनार्ड यांची श्रद्धा. त्यांनी ब्रीदावर चिकटपट्टी लावली. आळीतली पोरं ती सारखी काढून टाकायची. शेवटी त्यांनी ‘नाहीतर मरा’ एवढा भाग कापूनच टाकला आणि पडलेलं भोक व उरलेले शब्द पट्टीनं झाकले. आधी २५ डॉलर दंड झाला, मग ५०. मनाला पटेना म्हणून त्यांनी तो भरला नाही, १५ दिवस तुरुंगात काढले.

पण पाटीवरचे शब्द बोलतं कोण, सरकार की गाडीचा मालक?

मागून येणारा कुणीही ते मेनार्ड यांचं मत समजणार नव्हता. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा विरोधी मत देताना न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: देवावरच्या विश्वासाचं वचन छापलेली नोट खर्च केली म्हणून नास्तिक काही आस्तिक ठरत नाही. मुद्दा वजनदार आहे. तरी नोट खिशात असते, हातोहात जाते. प्लेट मालकाच्या गाडीवर रोज चारचौघांत मिरवते. सरन्यायाधीश बर्गर यांनी हा फरक नोंदवला. ब्रीदामुळे गाडी ओळखता येते, हा राज्याचा दावाही टिकला नाही. ओळखायला नंबर पुरेसा होता. १९७७ साली ६ विरुद्ध ३ मतांनी मेनार्ड जिंकले.

ते योग्यच झालं. लोकांचा गैरसमज होईल ही मेनार्ड यांची व्यथा नव्हतीच. जगाला काय वाटेल याच्याही आधी, आपण काय मिरवतो याचा जाब श्रद्धावान माणसाला स्वतःच्या देवापुढे द्यायचा असतो. आणि नंबर त्यांनी कधी झाकला नव्हता.

असाच प्रश्न भारतातही आला. केरळात याच पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी निकाल दिला: गायलाच हवं असा कायदा नाही, उभं राहून गप्प राहणं हा अपमान नव्हे. मुलांना परत शाळेत घ्या, असा आदेश झाला.