चेटकिणींनी खून केला नाही

शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' आपल्यापैकी काहींनी कॉलेजात अभ्यासाला म्हणून वाचले असेल, काहींनी कुसुमाग्रजांच्या 'राजमुकुट'मधून. सुमारे १६०६ सालच्या या शोकांतिकेविषयी एक मत सर्रास ऐकू येते. मॅकबेथ मूळचा शूर आणि भला; पण नियतीपुढे बिचाऱ्याचे काय चालणार? धम्माच्या अनुयायाने हे मत तपासल्याशिवाय स्वीकारू नये. नियतीपुढे कोणाचे काही चालत नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांनाही पिढ्यान् पिढ्या ऐकवण्यात आले होते.

आधी नाटकात काय घडते ते पाहा. लढाई जिंकून परतणाऱ्या मॅकबेथ आणि बँको या दोन स्कॉटिश सरदारांना माळावर तीन चेटकिणी भेटतात. तू कॉडॉरचा सरदार होशील, पुढे राजा होशील, असे त्या मॅकबेथला सांगतात. बँकोला सांगतात, तू राजा होणार नाहीस, तुझे वंशज होतील. खून कर, असे त्यांनी कोणालाही सांगितलेले नाही. कॉडॉरची सरदारकी तर मॅकबेथला लगोलग मिळते. त्या वेळी तो स्वतःच मनाशी म्हणतो, की नशिबाला मला राजा करायचे असेल तर मी हात न हलवताही ते करील. नियतीवर खरी श्रद्धा असती तर त्याने इथेच थांबायला हवे होते. राजा डंकन त्याच्या वाड्यात उतरतो, तेव्हा मॅकबेथ सगळा हिशेब मांडतो: हा माझा नातलग, माझा राजा, माझा पाहुणा, सत्ता मिळूनही सौम्य राहिलेला, याला मारायला महत्त्वाकांक्षेखेरीज मला कारण नाही. ज्याला एवढे स्वच्छ कळले त्याला आंधळा कसे म्हणावे? तो बेत रद्दही करतो. मग पत्नी त्याच्या मर्दपणाला डिवचते आणि तो सुरी उचलतो.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. मुकुट मिळाल्यावर त्याला बँकोच्या वंशजांचे भाकीत सलू लागते. आता तो नियतीलाच द्वंद्वाचे आव्हान देतो. बँकोवर आणि त्याच्या मुलावर मारेकरी घालतो. म्हणजे भाकीत सोयीचे असेल तोवर ती नियती, आणि गैरसोयीचे झाले की तिच्याशी लढता येते! बँकोनेही माळावर तेच शब्द ऐकले होते. त्याने कोणाच्या गळ्याला हात घातला नाही. (बँको अगदी निर्दोष होता असे नाही. संशय येऊनही तो गप्प राहिला.)

तथागतांच्या काळी मक्खली गोसाल हाच नियतिवाद शिकवीत होता. माणसाच्या अशुद्धीला कारण नाही, शुद्धीला कारण नाही, पुरुषार्थाला अर्थ नाही. फेकलेला सुताचा गुंडा उलगडत जातो तसे सर्वांचे दुःख आपोआप संपेल. तथागतांनी हे मत सर्व मतांत हीन ठरवले. त्यांच्या धम्मात कर्म म्हणजे चेतना, करणाऱ्याचा हेतू. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त याच कारणाने नाकारला, की गरिबाच्या दैन्याचा दोष त्याच्याच माथी मारून राज्य आणि समाज हात झटकतात. वरच्याला ती निर्दोष ठरवते, खालच्याला गप्प बसवते. नियती ही अशी दुधारी सुरी आहे.

मग महत्त्वाकांक्षाच वाईट काय? असे म्हणणे आपल्याला परवडणारे नाही. आपल्याला शतकानुशतके मोठे होण्याची इच्छा धरण्याचीच बंदी होती, आणि बाबासाहेबांनी तर शासनकर्ती जमात बना असे सांगितले. पाली भाषेत तण्हा आणि छंद हे दोन वेगळे शब्द आहेत. तण्हेला वस्तू हवी असते. कुशल छंदाला काम हवे असते. राजा झाल्यावर मॅकबेथने स्कॉटलंडसाठी केलेले एक तरी काम नाटकात दाखवा! प्रत्येक सरदाराच्या घरात त्याचा पगारी हेर आहे. मॅकडफची बायकामुले तो कापून काढतो. सिंहासनाचा उपयोग सिंहासन राखण्यापुरताच उरतो. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची शकले का झाली, हे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी हा फरक हाताशी ठेवून विचारावे.

मगधाचा अजातशत्रूही असाच. देवदत्ताच्या चिथावणीने त्याने राज्यासाठी पिता बिंबिसार याचा जीव घेतला. एका पौर्णिमेच्या रात्री तो जीवकाच्या आंबराईत तथागतांच्या भेटीला निघाला. तिथे साडेबाराशे भिक्खू असूनही इतकी शांतता होती, की त्याच्या अंगावर काटा आला. तू मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना, असे त्याने जीवकाला विचारले. मक्खली गोसालाचे मत त्याने पूर्वीच ऐकले होते. पित्याला मारलेल्या माणसाला त्यापेक्षा सोयीचे मत कोणते? तरीही त्याचे समाधान झाले नव्हते. उपदेश संपल्यावर तो म्हणाला, मूढपणाने मी राज्यासाठी धार्मिक पित्याला ठार मारले. देवदत्ताचे नाव त्याने घेतले नाही. तथागतांनी त्याची कबुली स्वीकारली. आणि तो गेल्यावर भिक्खूंना सांगितले, की याने पित्याला मारले नसते तर याच आसनावर याला धम्मचक्षू प्राप्त झाला असता.