जनुके, प्रारब्ध आणि यत्न

पुरुषाचे आरोग्य जन्मतःच ठरलेले असते का? यकृतात तयार होणारे एसएचबीजी हे प्रथिन टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाला रक्तात धरून ठेवते. त्याची पातळी कमी असेल तर टाइप २ मधुमेहाचा धोका वाढतो आणि ही पातळी काही अंशी जनुकांतल्या फरकांवर अवलंबून असते, हे २००९ च्या संशोधनात दिसले. हेच आधुनिक प्रारब्ध, असे कोणी म्हणेल. पण यकृतात चरबी साठली की हे प्रथिन घटते आणि वजन उतरले की वाढते. म्हणजे जनुक कल दाखवते, निकाल देत नाही. उरलेले काम यत्नाचे.

समर्थ रामदासांनी चाफळ, मसूर, शिराळा, बहे अशा सातारा-सांगलीच्या गावांत मारुती स्थापले आणि यत्नाला देव मानले. यावर आक्षेप असा, की मग आजारी माणूसच दोषी ठरतो. आक्षेप रास्त आहे. उसाच्या फडात राबणाऱ्याला आहार आणि विश्रांती निवडण्याची मुभा बागायतदाराइतकी नसते. शिवाय सडपातळ भारतीय शरीरातही चरबी लपलेली असू शकते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवले आहे. म्हणूनच यत्न एकट्याचा असून भागत नाही, तो गावाचाही हवा. वाट्याला आलेल्या जनुकांची लाज कोणालाच नसावी. यत्नाची संधी मात्र प्रत्येकाला मिळावी आणि ती मिळवून देणे हाच खरा धर्म.