दोष कोणाचा?

'दोष' हा आपल्या भाषेंतील मोठा विलक्षण शब्द आहे. यंत्रांतील बिघाडासही आपण दोष म्हणतों आणि मनुष्याच्या अपराधासही दोषच म्हणतों. त्यामुळें पहिल्याचा शोध करतां करतां दुसऱ्याचा निवाडा आपण केव्हां देऊन बसतों, हें ध्यानांतही येत नाहीं. असा एक प्रमाद गेल्या हिवाळ्यांत गोसीखुर्द येथें आमच्या हातून घडला.

वैनगंगेवरील या धरणाची कोनशिला १९८८ सालीं बसली. आज तेथें दृष्टि पोंचेल तेथवर पाणी आहे. एका वृद्ध नावाड्याच्या नावेंतून आम्ही जलाशय पाहावयास निघालों. नावेच्या मागल्या फळीस एक जुनें, पेट्रोलमध्यें तेल मिसळून चालणारें इंजिन लाविलें होतें. तें नावाड्याचा तरुण नातू चालवीत होता. पाव तास झाला नाहीं तोंच इंजिन अडखळूं लागलें व धापा टाकीत बंद पडलें. जरा थांबून दोरी ओढावी तर तें चालू व्हावें, आणि थोड्याच वेळानें पुन्हां तीच गत! आम्हीं तत्काळ निदान केलें, "पोरानें पेट्रोलमध्यें रॉकेल मिसळलें असावें." या तर्कास आधार एवढाच, कीं पोर गरीब होता. तो मान खालीं घालून उगा राहिला.

म्हाताऱ्यानें आमच्याशीं वाद घातला नाहीं. इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याची धार नीट पडत होती, हें त्यानें आधींच पाहिलें होतें. मग त्यानें प्लग काढून ठिणगी तपासली. तीही ठीक होती. नंतर टाकीकडून येणाऱ्या नळींतील रबरी फुगा हातीं घेतला. तो आपोआप चेपला होता व फुगत नव्हता. तेव्हां त्याची नजर टाकीच्या झांकणाकडे गेली. आंत हवा जाण्यासाठीं झांकणावर असलेला लहानसा स्क्रू घट्ट आवळलेला होता. तो सैल करतांच हवा सुस्कारत आंत शिरली आणि इंजिन सुरळीत चालूं लागलें.

स्क्रू आवळला होता आम्हीं! पेट्रोलचा वास सहन होईना म्हणून. जितकें पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा आंत आली पाहिजे, हें पदार्थविज्ञान आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं.

एक गोष्ट बदलून पाहावी, बाकीच्या तशाच ठेवाव्या, आणि मग कारण ठरवावें, ही रीति आमच्या नैयायिकांनीं अन्वयव्यतिरेक म्हणून सांगितली. मिल्लसाहेबांनीं १८४३ सालच्या आपल्या तर्कग्रंथांत तीच विस्तारानें मांडली. आम्ही ती वर्षानुवर्षें शिकवीत आलों. म्हाताऱ्यानें ती आचरिली.

यावर कोणी विचारील, कीं मग जगांत अपराधी कोणीच नाहीं काय? पेट्रोलमध्यें भेसळ करणारे नसतात काय? असतात, आणि त्यांस दोष देणें हें कर्तव्यही आहे. पण दोषारोप हा शोधाचा शेवट असावा, आरंभ नव्हे. शिवाय संभाव्य कारणांची यादी करतांना शोधकानें स्वतःचें नांव त्यांतून वगळूं नये. आम्हीं तें वगळलें होतें, कारण टाकीजवळ बसलेला सुशिक्षित गृहस्थ हेंही एक कारण असूं शकेल, असें आमच्या मनांतच आलें नाहीं.

किनाऱ्यास लागल्यावर आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. "असूं द्या, साहेब," एवढेंच तो बोलला. त्याच्या आवाजावरून अशा संशयाची त्याला सवय असावी असें वाटलें, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.