पैष्टी आणि माध्वी

एकच कृत्य एकानें केलें तर रसिकता आणि दुसऱ्यानें केलें तर गुन्हा, असें जेव्हां कायदा म्हणतो, तेव्हां त्या दोन माणसांत कांहीं तरी नैतिक भेद असला पाहिजे अशी आपली सामान्य समजूत असते. भेद सांपडला नाहीं तर आपण तो कल्पितों. कारण ज्या व्यवस्थेंत आपण सुखानें राहतों ती पक्षपाती आहे हें मानणें जड जातें. माझ्यापुढें हा प्रश्न आला तो नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून नव्हे. मुरबाड तालुक्यांतील धसई हें माझ्या नित्य जाण्यायेण्यांतलें गांव आहे, आणि माझे जुने विद्यार्थी ज्या शहरांत राहतात तेथें जागच्या जागीं बिअर तयार करून पाजणारीं उपाहारगृहें झालीं आहेत. ह्या दोन ठिकाणांची तुलना टाळणें मला जमलें नाहीं.

पुण्यास कॉरिन्थियन्स क्लबांत २००९ सालीं डूलाली नांवाची अशी बिअरशाळा निघाली, आणि पुढें पुण्यामुंबईस त्यांची रांगच लागली. दोघां विद्यार्थ्यांच्या आग्रहानें मीही अशाच एका ठिकाणीं जाऊन बसलों. कांचेच्या भिंतीपलीकडे पोलादाच्या उंच टाक्या झळकत होत्या, आणि तेथील एक तरुण मोठ्या हौसेनें सारी क्रिया समजावून देत होता. सातूला मोड आणून तो वाळवावयाचा, भरडून सुमारें ६५ अंश उष्णतेच्या पाण्यांत ठेवावयाचा म्हणजे त्यांतील पिष्टाची साखर होते. तो गोड काढा हॉप्स नांवाच्या वेलीच्या फुलांसह उकळावयाचा, निववून त्यांत किण्व सोडावयाचें, आणि मग धीर धरावयाचा. गव्हाच्या एका बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येत होता. तींत केळें नसतें, लवंगही नसते. तो सारा किण्वाचा प्रताप! हें ऐकून मला एखादा चांगला श्लोक कळल्यासारखा आनंद झाला. लहान लहान पेल्यांतून चार प्रकार चाखावयास आले, सोबत भाजलेलें पनीर आणि मसाला लावलेले शेंगदाणे. त्यांस तेथें इंग्रजी नांव होतें, पण आपल्याकडे त्याला सरळ चखणा म्हणतात. शेजारच्या मेजावर कोणा आजोबांचा वाढदिवस चालला होता. कोणी झिंगला नव्हता, कोणी ओरडत नव्हता. त्या जागेची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं; तेथें मला कांहींही निंद्य दिसलें नाहीं. एका पेल्याच्या किमतींत शेतमजुराची दिवसभराची मजुरी बहुतेक बुडते एवढें मनांत आलें, पण तो दोष बिअरचा नव्हे.

आतां धसईकडे यावें. २०१६ च्या डिसेंबरांत रोकडीवांचून व्यवहार करणारें गांव म्हणून ह्या गांवाचें नांव वर्तमानपत्रांत गाजलें होतें. परंतु बाजारपेठ मागें टाकून सह्याद्रीच्या पायथ्याकडे चालूं लागलें कीं ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या लागतात, आणि वाडीच्या आसपास मोहाचें झाड असतेंच. फाल्गुन-चैत्रांत पहाटेच्या वेळीं त्याचीं जाड, फिकट, गोड फुलें गळतात. बायका-मुलें टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वीं तीं वेंचावयास जातात. फुलें वाळवून ठेवतात, भाजून खातात. आणि पाण्यांत भिजत घालून कांहीं दिवस आंबविलीं कीं चुलीवर मडकें चढवून, वाफ नळीनें बाहेर काढून, त्यांची दारू गाळतात. पहिल्या धारेची निराळी, मागची निराळी. लग्नांत ती लागते, देवाला लागते, मयताच्या दिवसांतही लागते. येथेंही किण्व आहे, येथेंही धीर आहे, आणि उष्णतामापकाच्या जागीं हाताचा अंदाज आहे. कांचेची भिंत मात्र नाहीं. भट्टी ओढ्याकांठच्या झाडींत लपवावी लागते.

ही लपवाछपवी फार जुनी नाहीं. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ चा. त्यानें घरोघरची गाळणी बंद करून ती मोजक्या परवानाधारकांच्या हातीं दिली. तेवढ्यानें भागेना, म्हणून १८९२ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं स्वतंत्र कायदा करून मोहाचीं फुलें जवळ बाळगण्यावर आणि नेण्याआणण्यावरच निर्बंध घालण्यांत आला. वाचकांनीं येथें थोडें थांबावें. ह्याच काळांत उरणच्या गाळपखान्यांत राजरोस जें मद्य तयार होत होतें तें मोहाचेंच होतें! मोहाची दारू वाईट, असें सरकारचें म्हणणें नव्हतेंच. ती कोणाच्या मडक्यांत गाळावी आणि तिचा कर कोणाच्या तिजोरींत पडावा, एवढाच वाद होता. पुढें १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें त्या महसुली निर्बंधाला नीतीचा पोशाख मिळाला. शहरांकरितां तो पोशाख कालांतरानें सैल झाला. कायद्याच्या पुस्तकांत पिणाऱ्यालाही परवाना लागतो, पण त्या कांचेच्या भिंतीपुढें बसलेल्या आम्हां तिघांस तो कोणीं विचारला नाहीं. वाडीवरचें मडकें मात्र अद्याप फोडलें जातें.

ह्यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांतील एक मला दुबळा वाटतो. बिअरमध्यें मद्यार्क शेंकडा पांचाच्या आसपास, आणि मोहाची दारू गाळलेली म्हणून कितीतरी कडक, असें म्हणतात. खरें आहे; पण मग त्याच शहरांतील दुकानांत व्हिस्कीची बाटली उघड मिळते तिचें काय? विषाची भीति अधिक गंभीर आहे. काळा गूळ आणि नवसागर घालून गुत्त्यासाठीं घाईनें गाळलेली दारू निराळी, आणि मुंबईस मालवणींत २०१५ च्या जूनमध्यें ज्या मेथिल अल्कोहोलनें शंभरावर माणसें मेलीं तें तर कारखान्यांतलें रसायन. चैत्रांत वेंचलेल्या फुलांशीं त्याचा संबंध नाहीं. उलट, जें उघड्यावर करतां येतें तेंच तपासतां येतें. बिअरशाळेची टाकी स्वच्छ असते ह्याचें एक कारण ती कोणाहीपासून लपवावी लागत नाहीं हेंही आहे.

आमच्या धर्मशास्त्रानेंही येथें मोठी गंमत करून ठेवली आहे. मनुस्मृति सुरेचे तीन प्रकार सांगते: गौडी, पैष्टी आणि माध्वी. गुळाची ती गौडी, पिठाची ती पैष्टी. आणि माध्वी म्हणजे मधूकाच्या, अर्थात् मोहाच्या, फुलांची, असा एक अर्थ टीकाकार देतात. पुढील निबंधकारांनीं ह्यांत तारतम्य लाविलें तें असें कीं मुख्य सुरा पैष्टीच; ती तिन्ही वर्णांस महापातक, आणि बाकीच्या दोन ब्राह्मणास वर्ज्य असल्या तरी क्षत्रियास चालतात. धान्यापासून होणारी बिअर ही पैष्टीचीच सख्खी बहीण. म्हणजे जिला शास्त्रानें सर्वांत खालीं बसविलें तिला आम्हीं कांचेच्या पेल्यांत घेतली, आणि जिच्याविषयीं तें त्या मानानें सौम्य होतें तिला ओढ्याकांठीं दडविलें. शास्त्राधारें शिष्टपणा सांगणाऱ्यांनीं निदान एवढें पाहावयास हवें होतें. मिल्लनें आपल्या स्वातंत्र्यावरील निबंधांत (१८५९) दाखविलेंच आहे कीं किंमत वाढवून केलेली अडवणूक ही ज्यास ती किंमत परवडत नाहीं त्याच्यापुरती बंदीच असते.

तरीही येथवर येऊन मी निकाल देऊन मोकळा होऊं शकत नाहीं, कारण एक आक्षेप उरतो आणि तो पुस्तकी नाहीं. वाडीवरची एक वृद्ध बाई मला म्हणाली, "मास्तर, मडकीं फोडलीं कीं मला बरं वाटतं. माझा धनी त्यानंच गेला. पण दुसऱ्या दिवशीं पोरगा बाजारातनं बाटली आणतो, आणि घरातले पैसे जातात." ह्या वाक्याचा पूर्वार्ध माझ्या साऱ्या युक्तिवादाविरुद्ध आहे, आणि उत्तरार्ध कायद्याविरुद्ध. मिल्लचें स्वातंत्र्य ज्याच्या पदरीं पडतें तो पुरुष असतो. त्याचा खर्च चुलीपाशीं बसलेली बाई भरते. बिअरशाळेंतल्या पेल्याचा खर्चही कोठें तरी कोणी तरी भरीतच असेल; पण तेथें पगार येतो, डॉक्टर जवळ असतो, आणि घसरणाऱ्याला धरावयास चार हात असतात.

मग ठरवावें कोणीं? १९२२ सालीं ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्याकडून निघालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातेंत पसरली, तेव्हां हजारों आदिवासींनीं देवीच्या आज्ञेनें दारू-ताडी सोडली आणि दारूच्या मक्तेदारांशीं संबंध तोडले. कोणीं मडकें फोडावयास आलें नव्हतें. पुष्कळ ठिकाणीं ती शपथ पुढें टिकली नाहीं हें खरें. पण ती त्यांची स्वतःची होती, आणि तिच्यांत अंगावर येणाऱ्या नुकसानीचा हिशेब त्यांनींच मांडला होता.

अलीकडे वारा फिरला आहे. गोव्याच्या फेणीला २००९ सालीं भौगोलिक चिन्हांकन मिळालें. मध्यप्रदेशानें २०२१ सालीं मोहाच्या मद्याला वारसा म्हणून मान देण्याचें जाहीर केलें. महाराष्ट्रानेंही त्याच वर्षीं मोहफुलें गोळा करण्यावरचे व सांठविण्यावरचे निर्बंध सैल केले. उद्यां पुण्याच्या एखाद्या मेजावर माध्वी लहान पेल्यांतून चाखावयास येईल, आणि कोणी तरुण तिच्या वासाचें रहस्य हौसेनें सांगेल, हें मला अशक्य वाटत नाहीं. तिची टाकी वाडीवर असेल कीं चाकणच्या कारखान्यांत, हें मात्र परवान्याची फी किती ठेवली जाते ह्यावर ठरेल. शहापूर तालुका आणि मुरबाडचीं कांहीं गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. तेथें १९९६ च्या पंचायत-विस्तार कायद्याप्रमाणें मादक पदार्थांची विक्री व सेवन बंद करण्याचा किंवा त्यांवर मर्यादा घालण्याचा अधिकार ग्रामसभेस द्यावयाचा आहे, आणि त्या सभेंत ती वृद्ध बाईही बसूं शकते. बंद करण्यापुरता तिच्या विवेकावर कायद्यानें विश्वास टाकला आहे. लग्नाला किती मडकीं चढवावीं, कोणीं चढवावीं आणि कोणास देऊं नये, हें ठरविण्याइतका विश्वास टाकावयाचा कीं नाहीं, ह्याविषयीं त्या कायद्यांत एक अक्षरही नाहीं.