परक्या चेहऱ्याचे ऋण

जुना फिल्म कॅमेरा घेऊन रस्त्यावर छायाचित्रे टिपू पाहणाऱ्या नवशिक्याला प्रथम तांत्रिक सल्ला मिळतो. ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म घ्यावी. उन्हात छिद्र एफ १६ आणि गती सेकंदाचा पाचशेवा अंश ठेवावी. अंतर आधीच निश्चित करावे, म्हणजे कॅमेरा डोळ्याशी नेताक्षणी कळ दाबता येते. या सल्ल्यात एक नैतिक भूमिका गृहीत आहे. समोरच्याला कळण्यापूर्वी त्याचा चेहरा घ्यावा, असे तो वस्तुतः सांगत असतो.

या भूमिकेचे टोक वॉकर इव्हान्समध्ये दिसते. १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत त्याने कॉन्टॅक्स कॅमेरा कोटाखाली लपवला, भिंग गुंड्यांच्या फटीतून रोखले, कळीची तार बाहीतून हातापर्यंत आणली आणि समोरच्या बाकावरील प्रवासी टिपले. ही छायाचित्रे पुस्तकरूपाने आली ती १९६६ साली. या कृतीचे समर्थन असे करता येईल, की पाहिले जात असल्याची जाणीव होताच माणूस मुखवटा चढवतो. निःशंक चेहराच खरा. हा युक्तिवाद सौंदर्यदृष्ट्या प्रभावी आहे. परंतु सत्य हाती आल्याने ते घेण्याचा अधिकार सिद्ध होत नाही. कादंबरीकार परक्याचे आयुष्य उचलतो तेव्हा नाव, गाव, व्यवसाय बदलू शकतो. छायाचित्रात तो चेहरा त्याच माणसाचा राहतो.

डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले चित्र त्या माणसाला तिथेच दाखवता येते आणि त्याने हरकत घेतल्यास पुसताही येते. फिल्मच्या बाबतीत ही सोय नाही. छत्तीस चित्रांच्या गुंडाळीतील एकच नष्ट करायचे म्हटले, तरी रस्त्यावर ते शक्य नसते. चित्र प्रत्यक्ष दिसते ते काळोख्या खोलीत, काही दिवसांनी. तोवर तो माणूस गर्दीत नाहीसा झालेला असतो. म्हणून फिल्म वापरणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी येते. कळ दाबण्यापूर्वीचा विवेक ही पहिली. दुसरी अधिक अवघड आहे: त्या अनुपस्थित माणसाचा नकाराचा अधिकार त्याच्या वतीने छायाचित्रकारालाच बजावावा लागतो, आणि तोही चित्र उत्तम उतरले असताना. या ठिकाणी वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश एकच असल्याने निवाडा निःपक्षपाती असेल, याची हमी देता येत नाही. तरीही तो टाळता येत नाही. छिद्र, गती आणि अंतर यांचे गणित काही दिवसांत साधते. उत्तम उतरलेले चित्र न छापता ठेवून देणे मात्र नवशिक्याला दरवेळी नव्याने शिकावे लागते.