लाल अजून आत आहे

सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा जुन्या ट्रॅक्टरचं बोनेट जरा जवळून पाहावं. मूळचा लाल पार उडालेला, पांढुरका गुलाबी झालेला. तळहात फिरवला की रंगाची भुकटी हाताला लागते. येणारा-जाणारा म्हणतो, ‘रंग गेला, गन मारून घ्या.’ मला मात्र त्या भुकटीतच आशा दिसते.

जुन्या एनॅमलमध्ये रंगाचे कण राळेच्या थरात घट्ट बसलेले असतात. वर्षानुवर्षांचं ऊन आधी ती राळ मोडतं. वरचे कण सुटे होतात, त्यांच्यावर उजेड विखुरतो आणि सगळा पत्रा फिका दिसतो. पण मेलेला असतो तो वरचा पातळ थर. त्याच्याखाली लाल शाबूत असतो.

पुण्याच्या मांजरी गावात उन्हाने विटलेल्या यंत्रांचा हा विचार मनात येणं साहजिक आहे. 1975 साली सुरू झालेली, आज वसंतदादा पाटलांचं नाव असलेली साखर संस्था इथे आहे. 1997 पासूनचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथलंच. उसाच्या आणि द्राक्षाच्या या शिवारात यंत्रांना नुसतं ऊन सोसावं लागत नाही. युरिया ओल धरून ठेवतो. बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचं पाणी टवका उडालेल्या लोखंडावर बसलं, की गंज झपाट्याने धरतो. जून 2021 मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं. रानांचे प्लॉट झाले, तशी कितीतरी यंत्रं कामाविना उघड्यावर राहिली. रोज राबणाऱ्या यंत्रावर फडकं तरी फिरतं. उभ्या यंत्राकडे कोणी बघत नाही.

पोळ्याला बैलाची शिंगं आधी साळतात, मग हिंगूळ लावतात. यंत्राचंही तेच. आधी डिझेलच्या फडक्याने ग्रीस काढायचं, मग साबणपाण्याने धुऊन सावलीत पूर्ण सुकू द्यायचं. पत्रा गार असताना थोडं रबिंग कंपाऊंड मऊ कापडावर घ्यायचं आणि हलक्या हाताने घासायचं. कापड लाल होऊ लागतं, म्हणजे मेलेला थर निघतोय. कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे हात आवरायचा. खालचा प्रायमर दिसू लागला की तिथेच थांबायचं. शेवटी मेणाचं पॉलिश, नाहीतर उघडा पडलेला नवा थरही उन्हाने तसाच जाईल. गंजलेल्या जागेपुरता वॉटर पेपर आणि रेड ऑक्साइड पुरतं. पण घासायचं ते ओलंच. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं असू शकतं; आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली तीसुद्धा 2017 च्या नोव्हेंबरपासून. त्या रंगाची कोरडी धूळ अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या श्वासात जाऊ नये.

काहीजण नुसतं जवसाचं तेल नाहीतर ऑइल पुसतात. पत्रा लगेच लखलखतो, हे खरं. पण तेलावर धूळ चिकटते, पत्रा काळवंडतो आणि पुढे खरा रंग लावायचा म्हटलं तर तो धरत नाही. ही घाई मला पटत नाही.

सरसकट नवा रंग मारण्याविषयीही माझं तेच म्हणणं आहे. पत्रा सडला असेल तर इलाज नाही. पण रंग जिवंत असताना त्याच्यावर गन मारली, की त्याखाली बरंच काही गाडलं जातं. त्या लालाचीच एक गोष्ट आहे. 1963 साली महिंद्रा आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीत ट्रॅक्टर कंपनी निघाली. शिकागोच्या त्या अमेरिकन हार्वेस्टर कंपनीने 1936 मध्ये आपल्या ट्रॅक्टरांचा करडा रंग सोडून लाल घेतला होता. तो लाल असा शिकागोहून आपल्या शिवारात आला. आणि मडगार्डवरची अक्षरं! ‘आईवडिलांचा आशीर्वाद’, कुलदैवताचं नाव, मुलांची नावं, कोण्या पेंटरने ब्रशने काढलेली, वेलांटीला खास वळण दिलेली. त्या पेंटरचा हात आता कुठून आणणार? कर्ज काढून ट्रॅक्टर दारात आला, त्या दिवसाची घरात उरलेली खूण कधीकधी तेवढीच असते. नव्या रंगाच्या एका कोटात ती जाते, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कोणी विचारलेलंही नसतं.

म्हणून एवढंच मागणं आहे. यंदा खंडेनवमीला यंत्र धुऊन झेंडूची माळ घालाल, त्याच्या आठवडाभर आधी, पेंटरला निरोप धाडण्यापूर्वी, बोनेटच्या मध्यावरची वीतभर जागा घासून बघा. तिथे लाल निघाला, तर बाकीचा पत्रा घरातल्या पोरांना सोबत घेऊन स्वतःच्या हाताने करा. मडगार्डवरच्या अक्षरांना मात्र कंपाऊंड लावू नका. ती ओल्या फडक्याने नुसती पुसा.