रोग हे पूर्वकर्माचे फळ काय?

घरातील कुणाच्या पाठीवर फिकट, बधिर चट्टा उठला तर आपल्या तोंडून पहिले काय निघते? 'मागच्या जन्मीचे पाप!' धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतही हे निघते, हे आपण कबूल केले पाहिजे.

मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवान बुद्धांना हाच प्रश्न विचारला होता. माणसाला होणारी सारी वेदना पूर्वकर्मामुळेच होते काय? संयुत्त निकायात उत्तर आहे. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी आठ कारणे भगवंतांनी सांगितली. कर्मविपाक त्यांतील केवळ आठवे. सारे पूर्वकर्मावर ढकलणाऱ्यांचे मत त्यांनी चुकीचे ठरविले.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. हा जंतू इतका सावकाश वाढतो की लागण झाल्यावर लक्षणे दिसावयास कित्येक वर्षे लागतात. कारण डोळ्यांआड, म्हणून माणूस ते पूर्वजन्मात शोधीत बसला! १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचविला. सहा किंवा बारा महिन्यांत रोगी बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्गाची भीती उरत नाही.

तरीही रोगी लपतो. कायदाही त्याच्या बाजूने नव्हता. हिंदू विवाह कायद्यातील कुष्ठरोगाचे घटस्फोट-कारण २०१९ साली वगळले गेले. लपण्यात वर्षे जातात, तेवढ्यात मज्जातंतू निकामी होतात, बोटे वाकतात. औषधाने जंतू मरतो, वाकलेले बोट मात्र सहसा आपोआप सरळ होत नाही. आता सांगा, ते बोट कुणाच्या कर्माने वाकले? रोग्याच्या, की त्याला पापी म्हणणाऱ्या आपल्या?